उतरवायचा राहिलेला दिवा

आरसा पुसायला जायचं म्हटलं की मला कंटाळा यायचा, पण जावं लागे. खाडीचा वारा खारट. दोन-तीन दिवस पुसला नाही तर आरशावर मिठाचा पातळ पापुद्रा धरतो आणि मग मशीन कुरकुर करायला लागतं. म्हणून स्पिरिटची बाटली, कापूस आणि एक मऊ फडकं पिशवीत टाकून मी सीवूड्सहून करावे गावात चालत जायचे. सत्त्याण्णव सालचा डिसेंबर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवट उभ्या इमारती, मध्येच तिवरांची झाडी आणि त्यापलीकडे खाडी. तेव्हा तिथं एवढंच होतं.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवी मुंबईत विमानतळ होणार अशी बोलणी त्या सुमारास सुरू झाली होती. विमानं आल्यावर हवा किती बिघडली हे सांगायचं तर विमानं येण्याआधी ती कशी होती हे ठाऊक हवं. आमच्या संस्थेनं ते काम घेतलं आणि माझ्या गळ्यात मारलं. हवा बाटलीत भरून न्यायची नव्हती. एका इमारतीच्या गच्चीवर दुर्बिणीसारखं जाडजूड नळकांडं, त्यात झगझगीत दिवा. तो उजेडाचा सरळ पट्टा खाडीवरून पाठवायचा, पलीकडचा आरसा तो परत पाठवायचा. वाटेत हवेतला प्रत्येक वायू त्या उजेडातला आपापला रंग गिळून टाकतो. परत आलेल्या उजेडात कुठला रंग कमी पडला ते पाहायचं आणि वाटेत कोण होतं ते ओळखायचं. खरं तर 'काय होतं' म्हणायला हवं, पण आमच्यात सगळे 'कोण होतं' असंच म्हणायचे.

मला हे काम फार आवडायचं. उजेड जातो, येतो आणि वाटेतली खबर घेऊन येतो, यात मला पहिल्यापासून काहीतरी देवघरातलं वाटत आलं आहे. एवढं सगळं होऊनही ते तसंच वाटतं.

आरसे दोन होते. एक मिठागराच्या बांधावर लोखंडी तिवईवर, आणि दुसरा करावे गावात वेणूबाईच्या गच्चीवर. मशीन आळीपाळीनं एकदा या आरशाकडे बघे, एकदा त्या. वेणूबाई साठीची, खाडीच्या मासळीवर संसार केलेली बाई. तिच्या गच्चीवर जवळा वाळत घातलेला असायचा आणि त्या वासातच मला आरसा पुसावा लागायचा.

"आली का गो आरसेवाली?" त्या दिवशी ती म्हणाली. "तुजा दिवा रातचा कवापर्यंत जलत ठेवतेस?"

"अंधार पडल्यावरही दोन-तीन तास. थंडीत संध्याकाळी हवा खाली बसते ना, तेव्हाचंच मोजायचंय."

"मंग उतरवतेस कवा?"

मला कळेना. वेणूबाई जवळ्यातून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आमच्या सासऱ्याच्या टायमाला होड्या खाडीत गेल्या का एक मानूस बांदावर कंदील घेऊन हुबा राहायचा. सगली आली का कंदील उतरवायचा. लगेच. एक घटका पन ठेवायचा नाय."

"का बरं?"

"सगली आली, मंग दिवा कुनासाठी? दिवा ठेवला का जो कोन लांब अडकलाय तो बी येतं. आनि आला का घरात घ्यायला लागतं. तसाच माघारी पाठवता येत नाय." तिनं खाडीकडे पाहिलंही नाही. "माजा दीर गेला तितं. त्याच्या आदी चुलत सासरा. अजून किती. नावं कोन घेतं त्यांची."

मी हसून म्हटलं, "आजी, आमचा दिवा मोजायला आहे, बोलवायला नाही."

"त्यांला काय म्हाईत?" वेणूबाई म्हणाली.

मी राहत होते जयमालाताईंकडे. सातव्या मजल्यावरचा, म्हणजे अगदी वरचा फ्लॅट त्यांचा, आणि त्याच्याच डोक्यावर माझं मशीन. ताई सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या म्हणून गच्ची मिळाली. नाहीतर "तुमच्या मशीनमुळे आमच्या टीव्हीला मुंग्या येतात" म्हणून भांडायला येणाऱ्यांनी मला पहिल्याच आठवड्यात हाकललं असतं. ताई बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कामाला. पन्नाशीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या. संध्याकाळी कामावरून आल्या की पाय धुऊन, कुंकू नीट करून गॅलरीत उभ्या राहायच्या. लोकांना वाटे, वाऱ्यासाठी.

त्यांचे यजमान आशुतोष छोटी विमानं चालवायचे. वरून किनाऱ्याचे फोटो काढायचे, त्यावरून नकाशे करायचे, असं ते काम. बारा वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी ते रत्नागिरीहून जुहूला विमान परत घेऊन निघाले. फोटोग्राफरला जुलाब लागले म्हणून तो तिथंच राहिला, हे एकटेच निघाले. वाटेत वादळ उठलं. आले नाहीत. विमानाचा एक तुकडाही कुणाला सापडला नाही. ताईंनी त्यानंतर हा फ्लॅट घेतला, आणि खाडीकडे तोंड असलेलाच हवा म्हणून हट्ट धरला.

त्याच आठवड्यातल्या रविवारी ताईंचे धाकटे दीर दिनानाथराव आले. सज्जन माणूस, सतत घाम पुसणारा. मी चहा ठेवायला आत गेले, पण दोन खोल्यांच्या घरात काय ऐकू येत नाही?

"वहिनी, बारा वर्षं झाली. गुरुजींनी अमावास्या सांगितलीय. पालाशविधी करून टाकू."

माणूस बेपत्ता झाला, देह मिळाला नाही, तर बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा माणूस करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला रीतसर अग्नी देतात. मी तोवर फक्त ऐकून होते.

"म्हणजे मी माझ्या हातानं त्यांना मारायचं," ताई म्हणाल्या.

"आई अंथरुणाला खिळलीय. ती रोज विचारते, आशूचं केलंत का. तिला डोळे मिटायचेत, वहिनी. ती त्याच्यासाठीच अडून राहिलीय."

मग ताई म्हणाल्या, "भाऊजी, निरोप आलेल्या माणसाला देतात. जो घरी आलाच नाही, त्याला निरोप कसला द्यायचा?"

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा दिनानाथराव रडत होते. ते पाहून ताईंनी मान डोलावली. अमावास्या ठरली. ते गेल्यावर ताई नेहमीसारख्या गॅलरीत उभ्या राहिल्या, पण त्या संध्याकाळी त्यांनी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

त्याच संध्याकाळी मशीनवर ते पहिल्यांदा दिसलं.

मोठी विमानं सहारला उतरताना उंचावरून जातात, त्यांचा धूर माझ्या पट्ट्यापर्यंत पोचत नाही. खाडीवर रोज दिसायचं ते ठरलेलं. थोडा ट्रकांचा धूर, थोडी कारखान्यांची घाण. पण त्या संध्याकाळी, दिवेलागणीला, पडद्यावरच्या रेषेनं एकदम मान वर काढली. बेन्झीन, टोल्युइन, म्हणजे पेट्रोलमधल्या वस्तू. आधी मिठागराच्या आरशावर, मग करावेच्या आरशावर, मग पुन्हा मिठागराच्या. पेट्रोलचा तो ढंग मला चांगला ओळखीचा होता. विमानांच्या धुराचा नमुना घ्यायला मी दोन महिने जुहूच्या धावपट्टीशेजारी बसले होते. मोठी विमानं रॉकेलच्या जातीचं इंधन जाळतात. ही खूण पंखा फिरवत उडणाऱ्या छोट्या, पेट्रोलवरच्या विमानाची होती.

मी मशीनपासून उठून आकाशात पाहिलं. काही नव्हतं, आवाजही नव्हता. खाडीवर निळसर पांढरा उजेडाचा पट्टा आणि त्यात तरंगणारी थोडी धूळ.

खाली ताईंच्या घरून संस्थेतल्या साहेबांना फोन केला. राजवर्धन सर मूळचे साताऱ्याकडचे, मोठ्या आवाजाचे, कशानंही न डगमगणारे.

"अगं, कुणीतरी थिनर घालून रंग काढत असंल. नव्या बिल्डिंगा आहेत ना तिकडं?"

"सर, खाडीत कोण रंग काढतंय? आणि ते फिरतंय. एका आरशावरून दुसऱ्यावर."

"मग होडीला इंजिन असंल. तू टेन्शन घेऊ नको. दिवा चालू ठेव, अजून आकडे येऊ देत."

दिवा चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही आरसे पुसले, नळकांड्याची काच पुसली, दिवाही बदलून पाहिला. बांधावर कामाला येणाऱ्या माणसांना विचारलं. इंजिनाची होडी संध्याकाळी तिथं कुणी नेत नाही, कारण ओहोटीला चिखलात रुतते. त्या संध्याकाळी ते पुन्हा आलं. तिसऱ्या दिवशीही. मिठागर, करावे, मिठागर, करावे. रोज रेष आदल्या दिवसापेक्षा उंच, म्हणजे जे काही होतं ते माझ्या पट्ट्याच्या जवळ येत होतं. खाली येत होतं.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, वाटली ती नंतर. तेव्हा मी फक्त त्या पडद्यासमोर हात जोडल्यासारखी बसून राहायचे. डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही आणि तरी एवढं ठाम, एवढं नेमानं काहीतरी माझ्या उजेडातून जातंय, आणि जाताना त्यातला आपला वाटा घेतंय... जगात आपल्याला कळतं ते किती थोडं आहे, या विचारानं मला अगदी लहान झाल्यासारखं वाटलं आणि त्यात सुखही वाटलं.

ताईंना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. अमावास्या जवळ येत होती. मोठ्या कष्टानं त्यांनी होकार दिला होता, आणि माझ्याकडे द्यायला काय होतं? एक वर-खाली होणारी रेष. पण एका संध्याकाळी त्याच चहा घेऊन गच्चीवर आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हे काय गं, मघापासून डोंगर चढतंय?"

"पेट्रोल."

"कसलं?"

मला खोटं बोलता येत नाही. गप्प बसता येतं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही जमलं नाही. "छोट्या विमानाचं असतं तसं," मी म्हटलं. "फेऱ्या मारल्यासारखं दिसतं, ताई. पण वर काही नाही. मी रोज बघते."

ताई पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. कप त्यांनी फार सांभाळून खाली ठेवला.

"शेवटचं बोलणं त्यांचं जुहूच्या टॉवरशी झालं होतं," त्या म्हणाल्या. "तिथल्या माणसानं मला घरी येऊन सांगितलं. म्हणाले, बेलापूरच्या खाडीवर आलोय. खाली सगळा अंधार आहे, एकही दिवा दिसत नाही. एक फेरी मारून बघतो. वीज गेली होती त्या दिवशी सगळीकडची. आणि इथं तेव्हा होतंच काय? एक फेरी मारून बघतो, म्हणाले."

आम्ही दोघी खाडीकडे पाहत राहिलो. आमच्या डोक्यावरून तो पट्टा निघाला होता, सरळ, आखल्यासारखा, तिवरांवरून थेट बांधापर्यंत. त्या सगळ्या काळोखात तेवढाच एक दिवा असा होता की वरून पाहणाऱ्याला वाट म्हणून दिसावा. हे माझ्या आणि ताईंच्या एकदमच लक्षात आलं असावं, कारण त्यांनी माझा हात धरला.

"सई, हा दिवा बंद करू नकोस."

"ताई, पण..."

"अमावास्येपर्यंत. त्यांना उतरायला जागा दिसू दे."

मी वेणूबाईचं बोलणं त्यांना सांगितलं. दिवा ठेवला तर जो येईल त्याला घरात घ्यावं लागतं, हे. ताई म्हणाल्या, "घेईन की. बारा वर्षं दुसरं काय करत आलेय?"

विधीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या लवकर घरी आल्या. भाकऱ्या केल्या, हिरवी साडी नेसल्या आणि गच्चीवर येऊन उभ्या राहिल्या. वारा पडला होता. खाडीवर धुकं इतकं खाली बसलं होतं की करावेचे दिवे त्यात बुडालेले होते. मशीनचा पंखा तेवढा घरघरत होता.

दिवेलागण झाली आणि रेष चढायला लागली. त्या दिवशी ती थांबेचना. पडद्याच्या वरच्या कडेला टेकली, मी माप बदललं, ती परत टेकली. मिठागर, करावे, मिठागर, करावे... दोन्हींमधला वेळ कमी होत गेला. आणि मग पहिल्यांदाच मला वास आला. गरम तेलाचा, पेट्रोलचा, ओल्या पत्र्याचा. ताईंनी पदर नाकाला नाही लावला. त्यांनी तो वास खोल छातीत भरून घेतला.

"हे घरी आले की कपड्यांना हाच..." एवढंच त्या म्हणाल्या.

मिठागराच्या टोकाला बगळे उठले. आधी टोकाचे, मग त्यांच्या अलीकडचे, मग आणखी अलीकडचे. एका रांगेत, दोरीवर वाळत घातलेलं धोतर वाऱ्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत उचलत न्यावं तसे. आवाज कसलाच नाही. त्या रांगेखाली तिवरं दोन्ही बाजूंना वाकली आणि वाकलेलीच राहिली. धुक्यात एक लांब, सरळ वाट पडली. पट्ट्यातला उजेड मंद झाला. काहीतरी फार मोठं, फार शांत, त्यातून सावकाश पुढे गेलं आणि थांबलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते भीतीनं नव्हतं. एवढा लांब हरवलेला कुणी एवढ्या हळुवारपणे जमिनीला टेकतो, हे पाहायला मिळालं म्हणून आलं.

मग रेष उतरली. इंजिन बंद केल्यावर उतरावी तशी.

"टेकले," ताई म्हणाल्या. त्या वळल्या आणि जिना उतरून घरी गेल्या.

मी तिथंच राहिले, म्हणून पुढचं मला दिसलं. बांधावरचा आरसा मशीनला दिसेनासा झाला. कावळा आडवा आला की होतं तसं, फक्त क्षणभर. मग दिसला. मग पुन्हा दिसेनासा झाला. मग दिसला, मग पुन्हा... कुणीतरी पट्ट्याच्या आडून चालत गेलं होतं, आणि त्याच्यामागून आणखी कुणी. मी स्वतःची समजूत घातली की धुक्याचे लोट असतील.

खाली लिफ्टचं यंत्र खडखडलं. मी जिन्याच्या वळणावर येऊन उभी राहिले. तिथून ताईंचं दार आणि लिफ्टची जाळी दोन्ही दिसायची. ताई उंबऱ्यात उभ्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसाला दारात थांबवून त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मग आत घ्यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. लिफ्ट वर आली. आत दिवा होता, माणूस नव्हता. ताईंनी जाळी सरकवली. तुकडा ओवाळला, बाजूला टाकला, पाणी ओतलं. मग एक पाऊल मागे सरून त्यांनी वाट दिली. त्यांचा चेहरा मला दिसला. अशी आनंदी बाई मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही.

"किती वेळ लावलात," त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. पण लिफ्ट खाली गेली. कुणी बटण दाबलं नव्हतं. खालून दत्तू वॉचमनचा आवाज आला, "वर कोण हाय? लिफ्ट कोण बोलावतंय? हितं कुणीच नाय..." लिफ्ट पुन्हा वर आली. रिकामी. ताई जरा गोंधळल्या. मग त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

"या," त्या म्हणाल्या. परक्या माणसाला म्हणतो तसं. "तुम्हीही या."

लिफ्ट परत खाली गेली. परत वर आली. आता तिच्यातून चिखलाचा, ओल्या जाळ्यांचा, जुन्या लाकडाचा वास येत होता. ताईंनी तुकडा ओवाळला, मागे सरल्या. पुन्हा ओवाळला, मागे सरल्या. एकदा त्या बऱ्याच खाली वाकल्या, लेकराच्या डोक्यावरून ओवाळताना वाकावं लागतं तेवढ्या. भाकरी संपली. त्या आतून दुसरी घेऊन आल्या.

मग मात्र मी वर धावले आणि मशीनचं बटण बंद केलं. दिवा विझला. त्याचा पट्टा खाडीवरून नाहीसा झाला आणि त्याबरोबर लिफ्टची खडखड थांबली. इतका काळोख मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्या रात्री मी घरात गेले नाही. दार बंद होतं, पण कुलूप नव्हतं, मीच गेले नाही. जिन्यात उभं राहून ऐकलं. आत ताई बोलत होत्या, मध्येच हसत होत्या, कपबशा वाजत होत्या. दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता. मी गच्चीवर मशीनच्या खोक्याला टेकून पहाटेपर्यंत बसून राहिले.

सकाळी दिनानाथराव गुरुजींना घेऊन आले. दत्तूनं लिफ्ट बंद ठेवली होती, म्हणून दोघं जिना चढून आले, धापा टाकत. सोबत पळसाच्या पानांचा भारा, नारळ, दर्भ. वहिनी आयत्या वेळी नाही म्हणतील अशी त्यांना धास्ती होती. मी त्यांच्यामागून खाली उतरले. ताईंनीच दार उघडलं. न्हालेल्या, हिरव्या साडीत, कपाळावर कुंकू.

"या भाऊजी. करून टाकू आज."

दिनानाथराव बघतच राहिले. "वहिनी, तुम्ही... मनापासून म्हणताय ना?"

"काल आले ते," ताई म्हणाल्या. आवाज अगदी स्थिर. "खूप दमले होते. सगळं बोलणं झालं आमचं. आईंनाही कळवा, आशू घरी येऊन गेला म्हणावं. आता निरोप द्यायला माझी हरकत नाही."

दिनानाथरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, वहिनींच्या मनानं शेवटी सोय करून घेतली. ते डोळे पुसत गुरुजींना म्हणाले, "चला, सुरुवात करू." गुरुजींनी दारातच भारा सोडला आणि पानं नीट लावायला घेतली. ताई त्यांच्या हाताकडे पाहत होत्या.

"एवढीच आणलीत?" त्यांनी विचारलं.

"एका माणसाला लागतात तेवढी आहेत, बाई. मोजून आणलीत."

"पुरायची नाहीत."

"म्हणजे?" दिनानाथराव म्हणाले. "आणखी किती हवीत?"

ताई मागे वळल्या. बाहेरची खोली सकाळच्या उन्हात मोकळी पडली होती. सतरंज्या, चटया, चादरी, घरात होतं नव्हतं ते सगळं भिंतीला लावून अंथरलेलं होतं, आणि त्यावर कुणी नव्हतं. ताईंनी बोट उचललं आणि जेवायला बसलेली माणसं मोजावी तसं दाराजवळच्या कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली. दिनानाथरावांनी पुन्हा विचारलं. ताईंनी न वळताच दुसऱ्या हातानं त्यांना थांबायची खूण केली. त्यांचं बोट अजून दुसऱ्या भिंतीपर्यंतही पोचलं नव्हतं.